चालती गाडी बंद पडते, मग स्टार्टच होत नाही: पेट्रोल गाडीच्या इग्निशनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल-मेचं ऊन आणि जून-जुलैचा पाऊस, या दोन हंगामांत हे प्रश्न हमखास येतात. उत्तरं पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांसाठी आहेत. जुन्या डिस्ट्रिब्युटरवाल्या (ठिणगीची वीज पाळीपाळीने प्रत्येक प्लगला वाटणारा भाग असलेल्या) गाड्यांचं वेगळं सांगितलं आहे. मल्टीमीटर, टेस्ट लॅम्प आणि थोडा धीर एवढ्यावर बरंचसं निदान होतं.

गाडी चालता चालता बंद पडली. दोष इग्निशनचाच आहे, पेट्रोलचा नाही, हे कसं ओळखायचं?

बंद कशी पडली ते आठवा. करंट, म्हणजे प्लगला ठिणगी देणारी वीज, तुटला की इंजिन एका क्षणात मरतं. आधी काही कुरबूर नसते, दिव्याचं बटण बंद करावं तसं होतं. पेट्रोल कमी पडलं तर गाडी आधी कुरकुरते. पिकअप जातो, झटके बसतात, ॲक्सिलरेटर दाबूनही ओढत नाही आणि मग ती बंद पडते. हा नियम शंभर टक्के पाळला जात नाही. पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचा रिले (विजेचा स्विच) अचानक उडाला तरी गाडी बऱ्यापैकी झटकन मरते. पण पहिला अंदाज बांधायला तो पुरेसा आहे.

याहून पक्की खूण मीटरमध्ये असते. गाडी गिअरमध्ये असते आणि क्लच दाबलेला नसतो, तेव्हा इंजिन बंद पडलं तरी चाकं त्याला फिरवत असतात. अशा वेळी आरपीएमचा काटा गाडीच्या वेगाबरोबर हळूहळू उतरायला हवा. गाडी चाळीसने पळतेय आणि काटा मात्र धपकन शून्यावर आला, तर इंजिन फिरत असल्याची खबरच ईसीयूपर्यंत (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरपर्यंत) पोहोचत नाहीये. म्हणजे क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे ईसीयूला कळवणारा सेन्सर), त्याची वायर किंवा इग्निशनचा पुरवठा यांपैकी काहीतरी तुटलं आहे. गाडीत दुसरं कोणी असेल तर त्यालाच काट्यावर नजर ठेवायला सांगा, तुम्ही रस्ता बघा.

बंद पडल्याबरोबर काय करायचं?

हॅझर्ड लावा आणि वेग आहे तोवर डाव्या कडेला घ्या. ब्रेकच्या बूस्टरमध्ये एकदोन दाबांपुरता व्हॅक्यूम शिल्लक असतो, त्यामुळे ब्रेक पंप करत बसू नका, एकदाच घट्ट दाबा. स्टिअरिंग जड होईल पण वळेल. चावी पूर्ण मागे फिरवून काढू मात्र नका, स्टिअरिंग लॉक होईल. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर मदतीसाठी १०३३ नंबर आहे.

गाडी सुरक्षित उभी राहिली की बॉनेट उघडायच्या आधी पुढच्या दोन प्रश्नांतल्या गोष्टी बघून घ्या. बहुतेक लोक इथेच चुकतात. ते चहा प्यायला जातात, वीस मिनिटांनी गाडी निमूट सुरू होते आणि गॅरेजमध्ये पोहोचते तेव्हा तिला काहीच झालेलं नसतं. गाडी मेलेल्या अवस्थेत असतानाची पहिली पाच-दहा मिनिटंच निदानाची असतात. नंतर उरतो तो अंदाज, आणि अंदाजाने बदललेले पार्ट.

चावी फिरवली की नुसता 'टक्' आवाज येतो, किंवा सेल्फ रडत रडत फिरतो. हे इग्निशनचं आहे का?

नाही. हे बॅटरीचं, टर्मिनलचं, अर्थिंगचं किंवा सेल्फ मोटरचं दुखणं आहे. उभ्या गाडीत बॅटरीला १२.६ व्होल्टच्या आसपास हवं. १२ व्होल्ट दिसले तर ती जवळजवळ रिकामी आहे. सेल्फ मारताना व्होल्टेज साधारण ९.६ च्या खाली जाता कामा नये. खाली गेलं तर सेल्फ कसाबसा फिरेलही, पण तेवढ्या वेळात ईसीयू आणि कॉईलला (बॅटरीची वीज प्लगसाठी हजारो व्होल्टची करणाऱ्या भागाला) पुरेसं व्होल्टेज मिळत नाही आणि करंट नसल्याचा भास होतो. म्हणून आधी बॅटरी, मग बाकी सगळं.

कोकण-गोव्याच्या गाड्यांत इंजिनपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी जरूर बघा. खाऱ्या हवेत ती वरून धड दिसते आणि आतून सडलेली असते. मल्टीमीटरची एक टोकणी बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला लावा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं तर पट्टी बदला.

सेल्फ ठणठणीत फिरतो, पण इंजिन घेत नाही. सुरुवात कुठून करू?

ड्रायव्हरच्या सीटवर बसूनच करा. चावी 'ऑन'ला आणा, सेल्फ मारू नका.

चेक इंजिनचा पिवळा दिवा लागतो का? लागायलाच हवा. इंजिन बंद असताना तो लागत नसेल तर बहुधा ईसीयूलाच पुरवठा नाही. फ्यूज, मेन रिले किंवा इग्निशन स्विच बघा. चावीचं किंवा कुलपाचं चिन्ह भराभर लुकलुकतंय का? मग इम्मोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) चावी ओळखत नाहीये. दुसरी चावी लावून बघा. इम्मोबिलायझरच्या दोषात कित्येक गाड्या सुरू होऊन दोन सेकंदांत बंद पडतात.

मागच्या सीटखालून दोनतीन सेकंद 'घूंऽऽ' असा पंपाचा आवाज येतो का? आला तर पंपाला वीज मिळते आहे. जुन्या फियाट आणि फोर्डमध्ये धक्का बसला की पंप तोडणारं एक बटण असतं. मोठ्या खड्ड्यात आपटल्यानंतर गाडी बंद पडली असेल तर ते आधी दाबून बघा.

आता सेल्फ मारा आणि आरपीएमच्या काट्याकडे बघा. बहुतेक गाड्यांत तो थोडा थरथरतो, दोनशेच्या आसपास उचलतो. काटा जागचा हललाच नाही तर क्रँक सेन्सरवर संशय धरा. तुमच्या गाडीत काटा मुळातच नसेल तर ब्लूटूथचा छोटा ओबीडी स्कॅनर (ईसीयूमधली माहिती आणि दोषाचे कोड वाचणारा) लावून सेल्फ मारताना आरपीएम किती दाखवतो ते बघा. शून्य दाखवत असेल तर अर्थ तोच.

घोडं इथेच पेंड खातं. इंजिन फिरतंय हे क्रँक सेन्सरने कळवलं नाही, तर ईसीयू स्पार्क देत नाही, इंजेक्टर उघडत नाही आणि पहिल्या दोनतीन सेकंदांनंतर पंपही बंद करतो. मेकॅनिक सेल्फ मारून बघतो, पंप चालत नाही असं त्याला दिसतं आणि तो सांगतो, पंप गेला. नवा पंप बसतो, तोवर इंजिन थंड झालेलं असतं, गाडी सुरू होते आणि सगळे खूश होतात. आठवड्याने गाडी पुन्हा त्याच घाटात उभी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

प्लगला स्पार्क येतो की नाही, घरी बघता येईल का? शॉकची भीती वाटते.

भीती रास्त आहे. हल्लीच्या कॉईल तीस-चाळीस हजार व्होल्टपर्यंत जातात. हृदयात पेसमेकर असलेल्या माणसाने यात हातच घालू नये. बाकीच्यांनी बाजारात मिळणारा स्पार्क टेस्टर वापरावा. तो कॉईल किंवा एचटी केबल (प्लगला ठिणगीची वीज नेणारी जाड केबल) आणि इंजिनचा धातू यांच्यामध्ये लावायचा आणि हात दूर ठेवायचा. आधी इंजेक्टरचे कनेक्टर किंवा पंपाचा फ्यूज काढून ठेवा, नाहीतर प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि बाजूलाच ठिणगी उडत असते.

निळसर पांढरी, कडकड आवाज करणारी ठिणगी चांगली. पिवळट, बारीक, मरगळलेली ठिणगी म्हणजे करंट अशक्त आहे. चालू इंजिनची केबल उपटून ती बॉडीजवळ धरायची जुनी सवय मात्र सोडा. पॉईंटच्या (कॉईलची वीज यांत्रिक संपर्काने चालू-बंद करणाऱ्या) जुन्या गाडीत ते खपून जायचं. इलेक्ट्रॉनिक इग्निशनमध्ये ठिणगीला वाट मिळाली नाही की ती कॉईलच्या आतून किंवा मॉड्यूलमधून (कॉईलची वीज चालू-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक भागातून) वाट काढते आणि चांगला पार्ट जागीच जातो.

एकाही सिलिंडरला स्पार्क नसेल तर दोष सगळ्यांना सामाईक असलेल्या गोष्टीत शोधा: पुरवठा, क्रँक सेन्सर, ईसीयू, डिस्ट्रिब्युटर असेल तर एकुलती एक कॉईल. एकाच सिलिंडरला नसेल तर प्लग, केबल किंवा त्याच सिलिंडरची कॉईल. एक सिलिंडर मेल्याने चार सिलिंडरची गाडी थरथरत चालते, अशी पूर्ण बंद सहसा पडत नाही. म्हणून 'गाडी बंद पडते' या तक्रारीवर चारही प्लग बदलून देणाऱ्याला, का बदलले, एवढं जरूर विचारा.

थंड असताना उत्तम चालते. तापली की बंद पडते आणि अर्ध्या तासाने पुन्हा सुरू होते. हे काय आहे?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात जास्त चुकीचे पार्ट बदलायला लावणारा प्रश्न हाच.

सेन्सर आणि कॉईलच्या आत केसाएवढ्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात, मॉड्यूलमध्ये डाग दिलेले सांधे असतात. एखादी तार किंवा सांधा आतून तडकला की थंड असताना टोकं एकमेकांना टेकलेली राहतात. उष्णतेने भाग फुगतात आणि टोकं सुटतात. थंड झालं की पुन्हा जुळतात. क्रँक सेन्सर इंजिन ब्लॉकवर किंवा गिअरबॉक्सच्या तोंडाशी बसलेला असतो, म्हणजे उष्णता आणि ऑइल दोन्ही सोसतो. संशयितांत त्याचा नंबर पहिला. दुसरा कॉईलचा, तिसरा इग्निशन मॉड्यूलचा. १९८० च्या दशकात फोर्डने अमेरिकेतल्या कित्येक गाड्यांत हे मॉड्यूल थेट डिस्ट्रिब्युटरच्या अंगावर बसवलं होतं. ते तापून गाड्या भर रस्त्यात बंद पडतात, ही तक्रार कॅलिफोर्नियाच्या न्यायालयापर्यंत गेली.

तपासायची पद्धत साधी आहे, पण ती गाडी बंद असतानाच करायची. सेन्सरपर्यंत हात पोहोचत असेल तर त्यावर ओलं फडकं ठेवा किंवा बाटलीतून थोडं पाणी सोडा. पाणी फक्त सेन्सरवर पडू द्या. तापलेल्या एक्झॉस्टवर किंवा कनेक्टरवर नको. दोन मिनिटांत गाडी सुरू झाली तर सेन्सर सापडला. नाही झाली तर हाच प्रयोग कॉईलवर करा. गॅरेजमध्ये उलटं करता येतं. गाडी थंड ठेवून सेन्सरला हेअर ड्रायरने गरम करायचं आणि इंजिन मरतं का ते बघायचं.

दोन वायरचा सेन्सर असेल तर त्याचा रेझिस्टन्स थंड आणि गरम असा दोनदा मोजा. बऱ्याच गाड्यांत तो काही शे ते दीडएक हजार ओहम असतो. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. तापल्यावर मीटर 'ओपन' दाखवू लागला की विषय संपला. तीन वायरचा हॉल सेन्सर मात्र ओहमवर तपासू नका, त्यातून काही कळत नाही. तिथे पुरवठा, अर्थिंग आणि सेल्फ मारताना सिग्नल वरखाली होतो का, हे बघायचं.

आणि सेन्सरला शिक्षा द्यायच्या आधी त्याची वायर बघा. आमच्याकडे आलेली एक हॅचबॅक सपाट रस्त्याला कधीच बंद पडत नव्हती. चढावर पहिल्या गिअरमध्ये जोर लावला की मरायची. सेन्सर दुसऱ्या गॅरेजमध्ये आधीच बदलून झाला होता. वायरिंगचं वेष्टण उलगडलं तर आत एका वायरचं रबर ब्रॅकेटच्या धारेवर घासून निघालेलं होतं, तांबं चकचकीत दिसत होतं. जोर लागला की इंजिन माउंटिंगवर मागे कलायचं, वायर ताणली जाऊन ब्रॅकेटला टेकायची आणि सिग्नल तिथेच अर्थ व्हायचा. नवीन पार्ट काहीच लागला नाही. वायर जोडून, स्लीव्ह चढवून जरा लांबून फिरवली.

स्कॅनरमध्ये पी०३३५ हा दोषाचा कोड आलाय. म्हणजे क्रँक सेन्सर बदलायचा ना?

थांबा. पी०३३५ सांगतो की क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड आहे. सर्किटमध्ये सेन्सर येतो, कनेक्टर येतो, वायर येते आणि ईसीयूची पिनही येते. कनेक्टर काढून पिना बघा. हिरवी पूड, ऑइल किंवा मागे सरकलेली पिन दिसली तर काम तिथेच आहे. पी०३४० कॅम सेन्सरचा (व्हॉल्व्ह चालवणाऱ्या कॅमशाफ्टची स्थिती कळवणाऱ्या सेन्सरचा). पी०३०० म्हणजे कुठलाही सिलिंडर अधूनमधून चुकतोय, पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे त्या त्या नंबरचा सिलिंडर. पी०३५१ पासून पुढचे कॉईलच्या सर्किटचे.

प्रत्येक प्लगवर वेगळी कॉईल असलेल्या गाडीत एक फुकटची चाचणी आहे. पी०३०१ आला तर पहिल्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉईलची अदलाबदल करा, कोड पुसा, गाडी फिरवून आणा. आता पी०३०३ आला तर कॉईल खराब. पी०३०१ च राहिला तर प्लग, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन बघा.

कोड आलाच नाही तर? असंही पुष्कळदा होतं. सिग्नल क्षणभर तुटला, इंजिन थांबलं, तर ईसीयूला वाटतं मालकानेच गाडी बंद केली. भारतात ओबीडी-२ एप्रिल २०१३ पासून आलं. त्याआधीच्या गाड्यांत तर स्कॅनरवर फार विसंबूच नये.

सेल्फ मारताना इंजिन घेतं, चावी सोडली की लगेच बंद पडतं. असं का?

ही तक्रार ऐकली की बरं वाटतं, कारण उत्तर जवळजवळ तयार असतं. चावीला 'स्टार्ट' आणि 'ऑन' अशा दोन वेगळ्या जागा आहेत, आत संपर्कही वेगळे असतात. स्टार्टला कॉईलला वीज मिळते आणि ऑनला मिळत नाही, म्हणजे इग्निशन स्विचचा ऑनचा संपर्क जळाला आहे. चावी ऑनला ठेवून कॉईलच्या पॉझिटिव्हवर टेस्ट लॅम्प लावा, दिवा लागला पाहिजे. जुन्या गाड्यांत कॉईलच्या वाटेवर बॅलास्ट रेझिस्टर असतो. सेल्फ मारताना त्याला वळसा घालून पूर्ण व्होल्टेज मिळतं आणि चावी सोडली की वीज त्यातून जाते. तो तुटला तरी लक्षण हेच. इम्मोबिलायझरचाही संशय घ्यावा, पण तिथे दिवा लुकलुकतो.

चावीला घरच्या चाव्यांचा मोठा जुडगा आहे. त्याने गाडी बंद पडू शकते का?

पडू शकते, आणि हे गमतीवारी नेण्यासारखं नाही. जनरल मोटर्सच्या शेवरोले कोबाल्टसारख्या गाड्यांत इग्निशन स्विचची आतली स्प्रिंग कमकुवत होती. जुडग्याच्या वजनाने, खड्ड्याच्या हादऱ्याने किंवा गुडघा लागून चावी 'रन'वरून 'ॲक्सेसरी'वर घसरायची. इंजिन बंद, पॉवर स्टिअरिंग बंद आणि अपघात झाला तर एअरबॅगही उघडत नसत. २०१४ साली कंपनीने सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या आणि दुरुस्ती होईपर्यंत चावीला दुसरं काही अडकवू नका, असं मालकांना सांगितलं. भरपाईसाठी नेमलेल्या निधीने १२४ मृत्यू मान्य केले.

आपल्याकडे जुन्या गाड्यांचे स्विच झिजून ढिले होतातच. इंजिन चालू ठेवून चावी बोटाने हलकेच हलवून बघा, अर्थात गाडी उभी असताना. इंजिन अडखळलं किंवा डॅशबोर्डचे दिवे मिचकावले तर स्विच बदला. कुलूप तेच ठेवून मागचा विजेचा भाग तेवढा बऱ्याच गाड्यांत वेगळा मिळतो.

माझी जुनी मारुती ८०० कार्ब्युरेटरची आहे, भावाकडे पद्मिनी आहे. त्यांचं काय?

त्यांचं सोपं, कारण सगळं डोळ्यांना दिसतं. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढा. आत केसासारखी काळी रेघ दिसली तर तिथून करंट गळतोय. मधला कार्बन स्प्रिंगवर मोकळा हलतो का, रोटरचं पितळी टोक फार जळलंय का, ते बघा. रोटर वरून चांगला दिसतो आणि आरपार भोक पडून करंट खाली शाफ्टमध्ये उतरत असतो, असंही होतं. म्हणून एक जास्तीचा रोटर गाडीत ठेवायची जुन्या ड्रायव्हरांची सवय शहाणपणाची होती.

पद्मिनीत पॉईंट आणि कंडेन्सर (पॉईंटवर उडणारी ठिणगी आवरणारा भाग) आहेत. पॉईंटचा गॅप साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर, फिलर गेज लावूनच ठेवा. पॉलिश पेपरने घासून वेळ निभावते. पण पॉईंट पुन्हा पुन्हा लवकर जळत असतील तर दोष कंडेन्सरचा आहे. तापल्यावर बंद पडायच्या तक्रारीतही कंडेन्सर आणि कॉईल हीच जोडी.

उन्हाळ्यात कार्ब्युरेटरच्या गाडीत पाइपमधलं पेट्रोल उकळून वाफ अडकते आणि लक्षण अगदी इग्निशनसारखं दिसतं. तेव्हा आधी स्पार्क बघा. स्पार्क चांगला असेल तर कॉईलला हात लावू नका.

पावसात किंवा गाडी धुतल्यावरच बंद पडते.

एचटी केबल, कॉईलची रबरी टोपी, डिस्ट्रिब्युटरचं झाकण. रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू करा आणि स्प्रेने पाण्याचा हलका फवारा मारा. निळ्या ठिणग्या कुठून नाचतात ते दिसेल. प्लगच्या खड्ड्यात पाणी किंवा ऑइल साचलंय का तेही बघा. उंदरांनी वायर कुरतडण्याचे प्रकारही याच दिवसांत वाढतात, तेव्हा एअर फिल्टरच्या मागे टॉर्च मारा. मात्र गाडी तुंबलेल्या पाण्यात बंद पडली असेल तर सेल्फ मारूच नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग इग्निशनचा खर्च हसण्यावारी जाईल.

सीएनजीवर अडखळते, पेट्रोलवर ठीक चालते. इग्निशन बघू का?

हो, आधी तेच. सीएनजी पेटवायला प्लगला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. त्यामुळे दमलेली कॉईल, झिजलेला प्लग किंवा तडकलेली केबल पेट्रोलवर लपून राहते आणि गॅसवर उघडी पडते. प्लगचा गॅप झिजून वाढलेला असतो, तो कंपनीने दिलेल्या आकड्यावर आणा किंवा प्लग बदला. एवढं करूनही फरक पडला नाही तर गॅसचा फिल्टर आणि रेग्युलेटर.

डिझेल गाडीला हे लागू आहे का?

स्पार्कचा भाग नाही, तिथे प्लगला ठिणगी नसतेच. पण कॉमन रेल डिझेलमध्येही क्रँक सेन्सर गेला की इंजिन असंच अचानक मरतं, त्यामुळे काट्याची आणि ओल्या फडक्याची युक्ती तिथेही चालते.

धक्का मारून सुरू केली तर चालेल?

बॅटरी उतरली असेल आणि गाडी मॅन्युअल गिअरची असेल तर चालेल. सेल्फ चांगला फिरत असताना इंजिन घेत नसेल तर धक्क्याने काहीच साधत नाही, कारण इंजिन फिरवायचं काम सेल्फ करतोच आहे. स्पार्क नसताना सेल्फ मारत राहिलात किंवा ढकलत राहिलात तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जातं आणि स्पार्क परत आला की कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) पेटतं. तो पार्ट या पानावरच्या बाकीच्या बहुतेक पार्टपेक्षा महाग आहे.